गोंद व सुतळी भांडार

विसाव्या शतकाचा इतिहास सेनापतींनी घडवला नाही, मुत्सद्द्यांनी घडवला नाही आणि जनतेनं तर मुळीच घडवला नाही. तो घडवला वाफेनं. आगगाडीच्या वाफेनं नव्हे, ती मागच्या शतकाची. किटलीच्या वाफेनं. प्रत्येक शहाण्या सरकारच्या टपाल कचेरीत मागच्या अंगाला एक खोली असते, त्या खोलीत एक किटली असते, आणि त्या किटलीच्या तोंडाशी राष्ट्राचं भवितव्य हलक्या हातानं सुटत असतं.

ही किटली बुडाशी गळत होती. नवी मिळावी म्हणून अडीच वर्षांपूर्वी तीन प्रतींत अर्ज गेला होता. ‘किटली कशासाठी लागते त्याचे कारण नमूद करावे’ असा शेरा घेऊन तो परत आला. कारण नमूद करायला कायद्यानं बंदी होती. तेव्हा राष्ट्राचं भवितव्य खाली एक ताटली ठेवून चाललं होतं.

खोलीच्या दारावर पाटी होती : गोंद व सुतळी भांडार. आत गोंद होता. सुतळी कुणी कधी पाहिली नव्हती. किटलीपाशी बसणाऱ्या माणसाला सगळे किटलीच म्हणत. साहेब खुशीत असले तर किटलीराव. सव्वीस वर्षं तो लोकांची पत्रं उघडत होता. देशात कुणाचंही पत्र उघडलं जात नाही, असं घटनेत लिहिलेलं होतं आणि टपाल कचेरीच्या दर्शनी भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलेलंही होतं. त्या भिंतीच्या बरोबर मागच्या बाजूला किटलीचं स्टूल होतं.

कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पाकीट वाफेवर किती वेळ धरायचं हे तो घड्याळ बघून ठरवत नसे. कागदाचा वास बदलला की त्याला कळे. मग हाडाची पातळ सुरी पाकिटाच्या तोंडात सरकवायची, आतला कागद काढायचा, नक्कल झाली की त्याच घडीवर घडी घालून परत ठेवायचा आणि बोटभर गोंदानं तोंड बंद. लोक लावतात त्यापेक्षा तो चांगलं लावी. “साधी थुंकीसुद्धा सरळ रेषेत लावता येत नाही लोकांना,” असं म्हणून तो कित्येकांची पाकिटं पदरच्या कौशल्यानं सुधारून पाठवी. घरी मात्र त्याच्या हातून डब्याचं झाकणही नीट बसत नसे, असं त्याच्या बायकोचं म्हणणं होतं.

समोरच्या टेबलावर नक्कलबाई. पत्राची नक्कल टाइप करायचं काम तिचं. बोटं टाइपरायटरवर आणि जीभ सगळ्या शहरावर.

“किटलीभाऊ, तिसऱ्या गल्लीतल्या शिंप्याचं लग्न मोडलं बरं का.”

“अरेरे. कोण म्हणालं?”

“त्याची होणारी बायको. त्याला उद्याच्या टपालानं कळेल.”

भांडाराचा नियम एकच होता, तो भिंतीवर लावलेलाही होता : एका वेळी एक पाकीट. एक उघडायचं, नक्कल करायची, बंद करायचं, मगच दुसरं. नियम नवशिक्यांसाठी असतात, असं किटली मानत असे. सव्वीस वर्षं झालेला माणूस नवशिका राहत नाही, हे खरंच. तो जुना होतो, आणि जुन्या वस्तू कुठून गळतात ते आपण वर पाहिलंच.

त्या गुरुवारी चारला वीस मिनिटं कमी होती. चारला थैली जायची, मग आभाळ कोसळो. दोन पाकिटं उरली होती.

पहिलं एका परदेशी वकिलातीतल्या बागकाम सल्लागाराचं. त्या वकिलातीला बाग नव्हती. दाराशी दोन कुंड्या होत्या, त्याही रिकाम्या. तरी सल्लागार चार वर्षं टिकून होता आणि दर पंधरवड्याला परक्या देशातल्या एका टपाल पेटीच्या नावानं एक कागद धाडी. कागदावर नुसते आकडे. खात्याच्या तळघरात आकडेखातं होतं. तिथं अकरा माणसं चार वर्षं त्या आकड्यांशी झटत होती, आणि त्यांना आजवर एवढंच कळलं होतं की सल्लागार सात हा आकडा फार वळणदार काढतो.

दुसरं पाकीट गणिताच्या सरांचं. सर किटलीच्या शेजारच्या इमारतीत एकटेच राहायचे. सात वर्षांपूर्वी सरकारनं देशाच्या प्रगतीचे टक्के जाहीर केले तेव्हा सरांनी वर्तमानपत्राला नम्रपणे कळवलं, की या टक्क्यांची बेरीज एकशेबारा होते, कुठंतरी हातचा राहिला असावा. वर्तमानपत्रानं ते पत्र छापलं नाही. जिथं पाठवायचं तिथं पाठवलं. तेव्हापासून सरांचं टपाल किटलीच्या हातून जायचं. टपाल म्हणजे तरी काय, दर गुरुवारी परगावच्या थोरल्या बहिणीचं पत्र. ताईचा गुडघा, ताईची मांजर, ‘स्वेटर घालतोस ना, नुसता गळ्यात अडकवू नकोस.’ सात वर्षांत तो गुडघा किटलीच्या घरचा झाला होता. एकदा दोन आठवडे पत्र आलं नाही तर त्याला घास गोड लागेना. सरांनी त्याच्या मुलीला दोन वर्षं फुकट शिकवलं होतं, अपूर्णांकात बुडणारीला हात धरून काठावर आणलं होतं. ती आता सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला होती. सरांच्या लेखी किटली म्हणजे एका विद्यार्थिनीचे वडील. किटलीच्या लेखी सर म्हणजे सख्खा भाऊ. फक्त हे नातं सरांना माहीत नव्हतं.

किटलीनं दोन्ही पाकिटं एकदम वाफेवर धरली. दोन्हींतून निळा पातळ कागद निघाला, कारण देशात कागदाचा कारखाना एकच होता आणि तो एकाच रंगाचा कागद काढायचा. दोन्हींच्या घड्या तीन. नक्कलबाईनं दोन्ही नकला टाइप केल्या, कागद घड्या घालून परत दिले. किटलीनं ते पाकिटांत सारले, गोंद लावला, अंगठा फिरवला. इतकं सुबक काम त्याच्या हातून महिन्यात झालं नव्हतं. चारला एक मिनिट असताना थैली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर टपाल कचेरीच्या खिडकीपाशी उभे होते. रांगेत मागं सात माणसं.

“माझ्या बहिणीच्या पाकिटातून हे निघालं,” सर म्हणाले आणि त्यांनी निळा कागद उलगडून काचेला लावला. “नुसते आकडे आहेत. कुणाचा तरी महत्त्वाचा हिशोब दिसतो. ज्याचा असेल त्याला पोचवा, बिचारा वाट बघत असेल. आणि माझं पत्र तिकडं गेलं असेल तर तेवढं परत मागवा.”

मागची सातही माणसं माना लांबवून कागद बघत होती. खिडकीतल्या कारकुनानं फोन उचलला. दुपारपर्यंत सर वरच्या मजल्यावर होते.

“सरांना वर नेलं,” नक्कलबाई जेवणाचा डबा उघडता उघडता म्हणाली. “आकडे सापडले म्हणे त्यांच्या पाकिटात.”

किटलीच्या हातातली सुरी खाली पडली.

“मी काही पाहिलं नाही हं,” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. “मला जवळचं दिसत नाही. आणि लांबचं मी बघत नाही.”

दुपारी तीनला किटलीला वर बोलावणं आलं. पाचावर धारण बसली म्हणजे काय, ते त्याला त्या चोवीस पायऱ्यांत कळलं.

साहेब मऊ माणूस होते. आवाज कधी चढवायचे नाहीत, घशाला जपायचे. टेबलावर कागद पसरून ते उकडलेलं अंडं सोलत होते. कवच एकसंध निघावं यावर त्यांचं सगळं लक्ष होतं. समोरच्या खुर्चीत सर, स्वेटर गळ्यात अडकवलेला.

“अरे, तुम्ही इथं असता?” सरांना आनंदच झाला. “मुलगी काय म्हणते?”

“बरी आहे, सर.”

“अपूर्णांक जड जायचे तिला.”

“आता नाही जात.”

“अरे वा, ओळख आहे,” साहेब अंड्याकडे बघत म्हणाले. “छान. सर, हे आमचे गोंदतज्ज्ञ. भांडारात असतात. किटलीराव, हे पाकीट बघा. वाटेत ते कुणी उघडलं होतं का, एवढंच सांगा.”

किटलीनं भिंग घेतलं. पाकिटाचं तोंड उजेडाकडे धरलं. समोर त्याचंच काम होतं, आणि त्यात खोट नव्हती. सुरकुती नाही, डाग नाही, गोंदाची दुसरी रेघ नाही. जगातल्या कुठल्याही तज्ज्ञानं हे पाकीट जन्मल्यापासून एकदाच बंद झालंय अशी शपथ घेतली असती. उघडलं होतं म्हणावं, तर पुढचा प्रश्न ‘कुणी?’ नव्हतं म्हणावं, तर समोर सर. त्याच्या मनात दोन्ही उत्तरं एकाच वेळी वाफेवर धरलेली होती.

“नाही, साहेब,” तो म्हणाला. “एकदाच चिकटवलेलं आहे.”

“खात्री?”

“सव्वीस वर्षांचा अनुभव आहे.” हे म्हणताना त्याच्या आवाजात किंचित अभिमान डोकावला, त्याला इलाज नव्हता.

सरांनी सुटकेचा श्वास सोडला. “बघा! मी उगाच पोस्टाला दोष देत होतो.”

“मग हे आकडे ताईंनीच पाठवले,” साहेब म्हणाले.

“छे हो, तिला सातचा पाढासुद्धा येत नाही.”

“मग तुम्ही आम्हाला मदत करा, सर. तुम्ही गणिताचे. या आकड्यांचा अर्थ लावून द्या. उलगडा झाला तर सगळ्यांचाच त्रास वाचेल.”

आणि अंड्याचं कवच एकसंध निघालं.

सरांना एका खोलीत टेबल दिलं, कागद दिले. खरं सांगायचं तर गेल्या वीस वर्षांत त्यांना इतकं चांगलं उदाहरण कुणी घातलं नव्हतं. तीन दिवस त्यांनी धड खाल्लं नाही, धड झोपले नाहीत. वर्गात एखादा हुशार मुलगा बोट वर करून बसतो तसे ते चौथ्या दिवशी सकाळी साहेबांची वाट बघत बसले होते. अकरा माणसांना चार वर्षांत जे सुटलं नाही, ते त्यांनी सोडवलं होतं.

पत्रात सल्लागारानं लोकरी मोज्यांचे दोन जोड मागवले होते. मग राजदूतांच्या बायकोबद्दल अर्धं पान चहाडी. शेवटी एक वाक्य, असं वाक्य जगातला प्रत्येक आळशी हेर आपल्या मुख्यालयाला लिहितो : ‘इथले माझे अकरा खबरे जिवावर उदार होऊन काम करीत आहेत; सुरक्षेसाठी नावे कळवत नाही.’ खबरे एकही नव्हते, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण खात्यात शेंबड्या पोरांची भरती नव्हती.

साहेबांनी ते दोनदा वाचलं.

“वा, सर. तीन दिवसांत!”

“तिसऱ्या दिवशी दुपारीच सुटलं होतं. मग ताळा करून पाहिला.”

“आमच्या अकरा जणांना चार वर्षांत जमलं नाही. म्हणजे किल्ली तुमच्याकडे आधीच होती.”

“नाही, नाही, रीत सांगतो ना. बघा, सात सारखा येतो...”

“अकरा खबरे,” साहेब शांतपणे म्हणाले. “एक तुम्ही. उरलेल्या दहांची नावं सांगा.”

सर हसले. विनोद आहे असं त्यांना वाटलं. हसणारे ते एकटेच आहेत हे कळायला गणिताच्या माणसाला लागतो तेवढाच वेळ लागला, पण तोवर दार बाहेरून लागलं होतं.

दहा नावं शोधायला साहेबांना लांब जावं लागलं नाही. चार वर्षं मुद्दाम अपयशी राहिलेली माणसं त्यांच्याच तळघरात बसलेली होती. फक्त ती अकरा होती, आणि हवी होती दहा. एक जास्त होत होता. त्याला बढती मिळाली. चोर सोडून संन्याशाला सुळी देणं ही लोकांत म्हण असते. खात्यात ती कार्यपद्धती होती.

किटलीला हे सगळं नक्कलबाईकडून कळलं. त्यानं रविवारी सकाळी घरी बसून एका निळ्या कागदावर कबुली लिहिली. दोन पाकिटं मी एकदम उघडली, कागदांची अदलाबदल माझ्याकडून झाली, सर निर्दोष आहेत. खाली सही. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून वाचत होती, ते त्याला उशिरा कळलं.

“सर चांगले आहेत हो,” ती म्हणाली. “देवमाणूस.”

“म्हणूनच.”

“पण ते एकटे आहेत. आपण तिघं आहोत. त्यांना विचारलं तर तेसुद्धा हेच सांगतील, गणित आहे ते.”

“अगं, माणूस मरेल तिथं!”

“आणि तुम्ही काय, कायमचे राहणार आहात? पोरीची नोकरी सरकारी. लग्नाचं बघतोय. हेराची मुलगी म्हणून कोण करून घेईल तिला?” मग ती जवळ आली, त्याची कॉलर सरळ केली आणि मऊ आवाजात म्हणाली, “फार वाटत असेल तर रडून घ्या थोडं. मी दार लावून घेते.”

तो रडला नाही. सोमवारी सकाळी कबुली खिशात घालून साहेबांसमोर जाऊन उभा राहिला. सव्वीस वर्षांत त्यानं केलेली ही एकच शूर गोष्ट, आणि ती त्यानं केली हे नोंदवायला हवं. सर सुटावेत, आपलं काय व्हायचं ते होवो, असं त्या पायऱ्या चढताना त्याला अगदी मनापासून वाटत होतं.

साहेबांनी कागद वाचला. मग उठून कपाट उघडलं, आतून एक टाइप केलेला कागद काढला आणि त्याच्यापुढं ठेवला. ताईच्या पत्राची नक्कल. गुडघा, मांजर, स्वेटर.

“मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, किटलीराव. पाकिटावर तारीख गुरुवारची, नक्कल गुरुवारची, सल्लागाराची नक्कलही गुरुवारची. इतकं गणित मलाही येतं.”

“मग साहेब, सरांना...”

“खिडकीपाशी रांगेत सात माणसं होती. सातांनी तो कागद पाहिला. आता एक तर या शहरात हेर आहे, नाहीतर टपाल कचेरीत किटली आहे.” साहेबांनी नक्कल परत कपाटात ठेवली आणि किल्ली फिरवली. “आणि खात्याकडे किटली नाही. तुमचा अर्ज मीच परत पाठवला होता.”

“मला घ्या, साहेब. सरांना सोडा.”

“सोडून कसं चालेल? मी वर अकरा कळवलेत. सर गेले तर दहा उरतात. तुम्हाला धरून सरांनाही ठेवलं तर बारा होतात. दोन्हीकडून आकडा चुकतो.”

“त्यांच्या जागी मी.”

“तसंही करता येईल,” साहेब विचार करत म्हणाले. खरोखरच विचार करत होते. ते दुष्ट नव्हते, नीटनेटके होते. “पण मग कबुली पूर्ण लागेल. तुमची मुलगी सरांकडे दोन वर्षं जायची ना? आठवड्यातून किती वेळा?”

“तीनदा.”

“बंद खोलीत?”

“शिकायला, साहेब! अपूर्णांक शिकायला!”

“असं तुम्ही म्हणता. ती म्हणजे प्रयोगशाळेतली ना? सरकारी?” त्यांनी टाक उचलला. “ती आणि तुम्ही मिळून अकरावा एक धरू का? नाही, तसं नको, वर विचारतील. बोला, किटलीराव. तुम्ही म्हणाल ते लिहितो. कागद तुमचा आहे.”

किटलीनं हात पुढं केला आणि आपला कागद ओढला. साहेबांनी तो काढू दिला. इतकंच नव्हे, कोपरा टेबलाच्या काचेखाली अडकला होता तो सोडवूनही दिला.

खाली येऊन त्यानं कबुली किटलीखालच्या चुलीत घातली. पाणी थोडं लवकर उकळलं. त्याला हायसं वाटलं. हायसं वाटल्याची लाज वाटली. आणि अजून आपल्याला लाज वाटते, म्हणजे आपण अगदीच वाईट नाही, असं वाटून पुन्हा बरं वाटलं. माणसाचं मन हे एक चांगलं बंद होणारं पाकीट आहे.

खटला बंद दाराआड बारा मिनिटं चालला. माणशी एक मिनिट आणि एक मिनिट खुर्च्या लावायला. दहा जणांना खाणीत धाडलं. सर म्हातारे, खाणीत त्यांचा उपयोग नव्हता. शिवाय आकडेखातं आता ओस पडलं होतं. बढती मिळालेला अकरावा वर एका गालिचाच्या खोलीत बसे. साहेब वाया काही घालवत नसत. सरांना वीस वर्षं दिली आणि ती त्याच तळघरात भोगायला दिली. सल्लागाराचे आकडे येतच होते. सर ते सोडवत. मोजे, चहाड्या आणि दर महिन्याला एक नवा खबऱ्या. बारावा, तेरावा, चौदावा. ते वाचून वर यादी जाई, आणि यादी गेली की शहरात कुणाच्या तरी घरी सकाळी दार वाजे. सरांना हे ठाऊक नव्हतं. उत्तर बरोबर आलं की पुढं त्याचं काय होतं, हे गणितात शिकवत नाहीत.

ताईला कुणी काही कळवलं नाही. तिचं पत्र दर गुरुवारी जुन्या पत्त्यावर येतच राहिलं. ‘तू लिहीत का नाहीस? रागावलास का? मांजर गेली रे.’ किटली ते वाफेवर धरी, उघडी, वाची. नक्कलबाई नक्कल करी. मग पत्र फायलीत लावायचं. आता ते परत बंद करावं लागत नव्हतं. वेळ वाचायचा.

“म्हातारीला कुणीतरी चार ओळी लिहा की,” एकदा नक्कलबाई म्हणाली.

“काय लिहू?”

“खरं तेच. नोकरी लागली, सरकारी आहे, जागा थंड आहे.”

ती हसली. तोही हसला. त्यानंतरच्या हिवाळ्यात गुरुवारचं पत्र यायचं थांबलं. किटलीनं तीन आठवडे वाट पाहिली, आणि मग त्या वेळात दुसऱ्याचं पाकीट घेऊ लागला.

चार वर्षांनी किटली निवृत्त झाला. मुलीचं लग्न चांगल्या घरी झालं होतं. खात्यानं त्याला एक प्रमाणपत्र दिलं. त्यावर ‘गोंदविषयक सेवेबद्दल’ असं छापलेलं होतं. शेवटच्या दिवशी दुपारी तो तळघरात उतरला. रोज तो सरांपुढं चहाचा पेला ठेवून तसाच वर यायचा, आज थांबला. एकच इच्छा होती : सरांना सगळं सांगायचं. त्यांनी शिव्या घालाव्यात, थोबाडीत मारावी, निदान रडावं. मग क्षमा करोत न करोत, पण घरी जाताना छातीवरचा दगड इथंच उतरवून जायचा. सरांना त्यानं काय मिळणार, हा विचार त्याच्या मनात आला नाही. तो दगड सरांच्याच मांडीवर उतरणार होता, हाही नाही.

तळघरात एक दिवा, एक टेबल. सर पार वाळले होते. दात दोन गेले होते. पाठ टेबलाला समांतर झाली होती. कागदावर आकड्यांची लांबलचक उतरंड.

“सर, मला तुम्हाला काही सांगायचंय,” किटली म्हणाला. “त्या दिवशी ते पाकीट मी उघडलं होतं. दोन एकदम उघडली. ताईंचं पत्र मी त्या परदेशी पाकिटात घातलं आणि हे आकडे तुमच्या. चूक माझी होती. आणि वर सगळ्यांसमोर मी खोटं बोललो. तुमचं सगळं आयुष्य, सर, माझ्यामुळं...”

“एक मिनिट,” सर बोट वर करून म्हणाले. “हातचे चार आहेत.”

किटली थांबला. सरांचं बोट एकेका आकड्यावरून खाली उतरत होतं. ओठ हलत होते. उतरंडीच्या तळाशी पोचून त्यांनी एक आकडा लिहिला, त्याखाली रेघ मारली आणि वर पाहिलं.

“हं. काय म्हणत होता?”

किटलीनं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा ते बरंच छोटं झालं. तीन वाक्यांत संपलं. संपल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण रडायचं विसरलो.

सर त्याच्याकडे बघत राहिले. डोळ्यांत राग होता का, ओळख होती का, की नुसता थकवा, ते त्या एका दिव्याच्या उजेडात कळायला मार्ग नव्हता. किटलीनं गाल थोडा पुढं केला; मारायचंच असेल तर सोपं जावं म्हणून.

“बरं,” सर म्हणाले. मग कागदाकडे वळले, दोन आकडे लिहिले, थांबले. तिसरा आकडा कागदावर उमटेना. त्यांनी पेन्सिल दिव्यापाशी धरून बघितली आणि किटलीच्या हातात दिली.

“वर जाताय ना? एवढं टोक काढून आणा. मला ब्लेड देत नाहीत.”

किटली पेन्सिल घेऊन पायरीपर्यंत गेला.

“आणि जरा लांब काढा हो. आखूड काढलं की लगेच बोथटतं.”